ट्रंकेतली झबली

सखूआत्याला "तुला काय कळतं" असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. बरकतपुऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात ती सव्वीस वर्षं बाळांच्या वॉर्डात आया होती. नव्या नर्सना बाळ कसं धरायचं ते ती शिकवायची, आणि शिकवताना असा पाणउतारा करायची की पोरी रडायच्या. माझे वडील तिचे सख्खे भाऊ, पण तेही तिला वचकून असत. परभणीकडून आमची माणसं गौलीगुड्याला आली ती हमाली करायला. त्या खानदानात डॉक्टरांशी मान वर करून बोलणारी बाई ही एकच. आम्हाला तिचा केवढा अभिमान होता! आता त्या अभिमानाची मला चीड येते.

तिच्या पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेत तीन झबली. तिची सासू छप्पन साली ज्या पांढऱ्या लुगड्यात दीक्षाभूमीवर गेली, ते फाडून आत्याने ती हाताने शिवली होती. मुलगा आदर्श जन्मला तेव्हा त्याला घातली, आणि नातवंडाच्या अंगालाही पहिलं हेच कापड लागणार, हे आदर्शच्या लग्नाआधीच जाहीर करून टाकलं. कसर लागू नये म्हणून दरवर्षी सुलतान बाजारातून डांबरगोळ्या आणून ट्रंकेत टाकायची.

चार वर्षांपूर्वी आदर्शची बायको निशिगंधा बाळंत झाली. मुलगा झाला, प्रबुद्ध. घरी आणल्या आणल्या आत्याने ट्रंक उघडली, झबलं झटकलं आणि त्याला घातलं. धुतलं तर विरेल, म्हणाली. मी तिथेच होते. वास माझ्या नाकात गेला होता.

दुसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं.

"आई, डॉक्टरला दाखवू या ना," निशिगंधा म्हणाली.

"हौ, दाखव. ते निळ्या लाइटखाली ठेवतील. मी रोज दहा पोरं तशी ठेवते. कोवळं ऊन दे, उतरतं. परेशान नक्को होऊ."

तिसऱ्या दिवशी बाळ दूध ओढेना. "पहिलटकरीण आहेस, उगाच घाबरतेस," असं म्हणून आत्याने तिला गप्प केलं. चौथ्या दिवशी बाळ मागे वाकलं आणि चिरक्या आवाजात ओरडलं. तो आवाज आत्याने वॉर्डात ऐकलेला होता. ती त्याला उचलून अनवाणी ऑटोकडे पळाली.

रक्त बदललं, बाळ वाचलं. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. रक्तातलं वाटेल ते मेंदूत शिरू नये म्हणून तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्या म्हणाल्या. साखर आत घेतात, घाण बाहेरच अडवतात. पण तान्ह्या बाळाच्या रक्तात पिवळं द्रव्य फार साचलं की ते या भिंतीतूनही आत जातं. आत गेलेलं मग कुणाला काढता येत नाही. म्हणून एकेक तास मोलाचा होता.

"याच्या रक्तात एक संरक्षक द्रव्य जन्मतः कमी आहे. ही कमतरता आईकडून येते. एरवी अशी मुलं धडधाकट वाढतात, पण काही वस्तूंनी त्यांच्या रक्तपेशी भराभर फुटतात आणि ते पिवळं द्रव्य साचत जातं. कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास होता का?"

निशिगंधाने आत्याकडे पाहिलं.

"नाही," आत्या म्हणाली.

मी फरशीकडे बघत राहिले.

प्रबुद्धला ऐकू येत नाही. आईच्या रक्तातलं आलं, असं आमच्या सगळ्या नातेवाइकांनी ठरवून टाकलं, आणि आत्याने ठरवू दिलं. वॉर्डात मात्र ती प्रत्येक बाळाचं कापड नाकाला लावायची, वास आला की बायकांवर तुटून पडायची. लोकांच्या पोरांसाठी तिला तोंड होतं. तिची मला किळस आली, आणि माझी तिच्याहून जास्त.

मागच्या रविवारी आदर्शने दुसऱ्या मुलाचा विषय काढला. निशिगंधा नको म्हणाली. आत्या भाकरी थापत होती. "भीती वाटणारच तिला, रक्तच तसं," ती म्हणाली.

माझा तोल गेला. "आत्या, आता तरी सांग!"

तिचा हात परातीत थांबला.

"काय सांगतील?" निशिगंधा शांतपणे म्हणाली. "रक्त बदलून बाळाला घरी आणलं त्या दिवशी झबली मीच धुतली. तीन पाण्यांनी वास गेला नाही. चार वर्षं वाट बघतेय, आई कधी बोलतात म्हणून. मला माझ्या रक्ताची भीती नाही वाटत. या घरात दुसरं मूल आणायची वाटते." मग ती माझ्याकडे वळली. "आणि रोशनीताई, तुम्हालाही वास आला होता ना?"

तव्यावरची भाकरी करपली. प्रबुद्ध आमच्याकडे पाठ करून ताट बडवत होता. त्याला कुणी थांबवलं नाही.