थॅडियस गेन्सचं दुसरं बिऱ्हाड

थॅडियस गेन्सने ओढ्यापलीकडे, फिलाडेल्फिया शहरात, दुसरं बिऱ्हाड मांडलंय, ही बातमी डार्बी गावात मिस कॉर्डेलियाच्या केशकर्तनाच्या खुर्चीत जन्माला आली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याची निळी गाडी लार्चवुड रस्त्यावरच्या एका घरापुढे उभी असते, एवढंच कुणीतरी पाहिलं होतं. शनिवारपर्यंत त्या घरातल्या बाईला लाल केस आले आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिला एक मूलही झालं.

थॅडियस बॉयलर दुरुस्त करायचा. सत्तावीस वर्षं एकाच कंपनीत. मुळातच तापट, गंजलेला नट फिरेना की त्याच्या खानदानाचा उद्धार करायचा. पण त्याचा खरा राग होता तो पगारपट्टीवर, म्हणजे शहर पगारावर लावतं त्या करावर. कंपनीची कचेरी शहरात, म्हणून दर पगारातून शहराची पट्टी कापली जायची. हा मात्र वर्षातले बहुतेक दिवस शहराबाहेरच्या शाळांच्या तळघरांत काजळी खात बसलेला. नियम असा, की शहरात राहणाऱ्याने कुठेही काम केलं तरी पट्टी द्यायची. बाहेर राहणाऱ्याने फक्त शहरात राबलेल्या दिवसांची. बाकीची परत मिळते, पण त्यासाठी अर्जावर मालकाची सही लागते.

थॅडियसने प्रत्येक शाळेच्या शिपायाकडून वहीत तारीख लिहून घेतली होती. तीन वर्षांपूर्वीची पट्टी परत मागायची मुदत शुक्रवारी संपत होती. बुधवारी तो अर्ज घेऊन मालकापुढे, डनलीव्हीपुढे, उभा राहिला.

डनलीव्हीने वही चाळलीही नाही. "थॅड, तू रात्री झोपतोस कुठे?"

"डार्बीत. माझ्या घरी."

"लोक तर लार्चवुड म्हणतात. तिकडे झोपत असशील, तर तू शहरातलाच. मग अलास्कात जाऊन बॉयलर ठोकलास तरी पट्टी भरायचीच. खोट्या कागदावर मी सही करत नाही बाबा."

मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. त्या घरात कोण राहतं हे थॅडियसला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण तिथे त्याने शब्द दिलेला होता. तो अर्ज उचलून बाहेर पडला आणि जाताना त्याने दार असं आपटलं, की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

घरी त्याची बायको ओडेसा मासे तळत होती. त्याने ओरडून ओरडून सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, हे सगळ्यांसमोर विचारलं का? तो हो म्हणाला. तिने शेगडी बंद केली.

गुरुवारी सकाळी ती चर्चची जांभळी टोपी घालून नवऱ्याबरोबर कचेरीत गेली. डनलीव्हीने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"मी ओडेसा गेन्स. एकतीस वर्षं हा माणूस रोज रात्री माझ्या शेजारी झोपतोय आणि तुमच्या बॉयलरसारखा घोरतोय. साक्षीदार हवा असेल तर शेजारीण आणते, आमची भिंत पातळ आहे."

डनलीव्ही चाचरला. "बाई, पण मंगळवारी तो..."

"मंगळवारी साडेआठपर्यंत तो कुठे असतो ते मला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुमचा नियम झोपण्याचा ना? ते मी सांगितलं. आता सही करा."

कचेरीतली सगळी टंकयंत्रं थांबली होती. डनलीव्हीने सही केली, आणि शिक्का उलटा मारला.

ओडेसाला वाटलं, आता तरी गडी हसेल. तो तर जिन्यातच आणखी पेटला. सत्तावीस वर्षं थॅडियसच्या शब्दावर डनलीव्हीने पोरांनी भरलेल्या शाळांत बॉयलर पेटवून घेतले. आणि तो झोपतो कुठे, एवढ्या गोष्टीत त्याचा शब्द पुरला नाही. कागदावर सही आहे, पण माफीचा एक शब्द नाही. गाडीत बसेपर्यंत त्याने डनलीव्हीच्या सात पिढ्या धुऊन काढल्या. शुक्रवारी दुपारी शहराच्या पट्टी-कचेरीत स्वतः जाऊन त्याने अर्ज खिडकीत सरकवला, पोच घेतली, आणि संध्याकाळी लार्चवुड रस्त्यावर गेला.

त्या घरात बाई नव्हती. तिथे त्याचा थोरला भाऊ रूफस राहायचा. वर्षापूर्वी पक्षाघात झाल्यावर थॅडियसने त्याला कॅरोलायनाहून आणलं होतं. रूफसला स्वतःच्या हाताने अंघोळ करता येत नव्हती आणि ते कुणाला कळू देणार नाही, असा शब्द त्याने थॅडियसकडून घेतला होता. थॅडियस आठवड्यातून दोनदा त्याला अंघोळ घालायचा, त्याची दाढी करायचा आणि झोपायला घरी परतायचा.