पद्माकरकाकांची शाकाहारी चाचणी

इंग्लंडमधल्या मेडनहेडचे पद्माकरकाका म्हणजे रिटायर्ड भूलतज्ज्ञ. या देशात पिस्तूल ठेवता येत नाही, तरी स्वसंरक्षणासाठी पोकळ टोकाची कोणती गोळी चांगली, यावर ते आमचं डोकं खातात. एक अंगात शिरताच फुलते आणि थांबते, दुसरीचं पोकळ टोक कपड्याने चोंदतं आणि ती न फुलता आरपार जाते.

परवा हा फरक दाखवायला त्यांनी माणसाच्या अंगाऐवजी जेलीचा ठोकळा करायला घेतला. गोळ्यांच्या जागी पेन्सिली खुपसणार होते.

"हाडांचं जिलेटीन माझ्या फ्रिजमध्ये नको," अनुराधाकाकू म्हणाल्या.

मग शाकाहारी चायनाग्रासचा ठोकळा झाला. काका पेन्सिलींना टोक काढून येईपर्यंत काकूंनी त्याच्या वड्या पाडून, वर बासुंदी ओतून आम्हाला वाढल्याही होत्या.

काकांनी वडीत चमचा खुपसला. "फुलत नाही. थेट आरपार," ते गंभीरपणे म्हणाले.

खात्री करायला त्यांनी दोनदा वाढून घेतलं.