खानापूरच्या भातशेतात घुमलेला कासा

खानापूरजवळ तीन दिवसांचं शिबिर होतं. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीहून आलेले मामादू तिथले ढोल आणि नाच शिकवणार होते. मी नाव नोंदवलं, तर आप्पा म्हणाले, "मीबी येतो." माझे वडील निवृत्त मास्तर. त्यांना ढोलाचं काय, मला कळेना.

निपाणीहून बेळगाव बसनं दीडेक तास, पुढं खानापूर तासाभरात. फी राहण्याजेवणासकट अडीच हजार. नोव्हेंबरात जाणार असाल तर स्वेटर घ्या, सकाळी जंगलाकडून गार वारा येतो.

पहिल्या दिवशी मामादूंनी सुरुवातीला ढोलाला हातच लावू दिला नाही. आम्ही शिकणार होतो तो ताल 'कासा'. त्यांच्या गावाकडं कापणीच्या वेळी, राबणाऱ्यांना बळ यावं म्हणून तो शेतात वाजवतात. "वादकाला आधी पाणी, बसायला जागा. मग ताल," ते इंग्रजीत म्हणाले. "तुमच्याकडे कोण वाजवतं?"

आप्पा उठले. "आमच्या घरात हलगी होती. वाजवायला बोलवायचे, बसा म्हणत न्हवते. अठराव्या वर्षी सोडली."

माझ्या पस्तीस वर्षांच्या आयुष्यात हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी इंग्रजीत सांगताना अडखळले. मामादूंनी काठीनं वाजवायचा मोठा ढोल आप्पांपुढं सरकवला.

दुसरा दिवस पाय वाकवून, कमरेतून झुकून नाचण्यात गेला. मांड्या भरून आल्या. जेवायला नाचणीची भाकरी आणि झणझणीत आमटी होती, म्हणून तरलो.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेतात भातकापणी चालली होती. मामादूंनी मालकीण शांताक्कांची परवानगी मागितली. आक्कांनी बांधावर घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या आधी आप्पांच्या हातात दिला. "बसा अण्णा. दमानं वाजवा."

आप्पा पाणी प्यायले, त्यांनी डोळे पुसले आणि काठी उचलली. हळूहळू बायकांचे विळे तालात पडू लागले. कासाच्या मधूनच त्याच ढोलावर हलगीची कडकड उठली, तसे मामादू हात आवरून ऐकत राहिले. मी नाचायची थांबले. माझ्या घरात एवढं मोठं काही इतकी वर्षं गप्प बसून होतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आप्पा, हलगी आणूया?"

"न्हको. सोडली ते बरोबरच केलतं. काल वाजवली तेबी बरोबर."

त्यांनी टेबलावर बोटं टेकवली. "पर तुझा पाय तिसऱ्या ठोक्याला चुकतोय. हुभी ऱ्हा, दावतो."