नानाचा धुळ्याचा सामना

धुळ्याहून फुटबॉलच्या सामन्याचं बोलावणं आलं आणि आम्ही धरणगावच्या कापसाच्या जिनातल्या पोरांनी नुसतं नाचायचं बाकी ठेवलं! साल १९२०, दिवाळी नुकतीच झालेली. वाट माहीत असलेला एकच माणूस होता, दगडूनाना. राणीच्या अमलात जन्मलेला, भुसावळच्या गोऱ्या साहेबांबरोबर गोलकी म्हणून खेळलेला. पुढे पलटणीत गेला आणि महायुद्धातल्या बसऱ्याच्या लढाईहून डावा हात कोपरापासून गमावून परतला. तेव्हापासून तो मैदानाकडे फिरकला नव्हता.

"वाट दाखाडसू. खेळाना इषय काढू नका," तो म्हणाला. तरी त्याची माय कुरकुरलीच, "लोके हसतीन त्याले."

दोन बैलगाड्या निघाल्या. एरंडोलपर्यंत काळ्या मातीचा मऊ रस्ता, दोन्ही बाजूंना पांढराशुभ्र कापूस. तिथे पद्मालयाच्या गणपतीला लांबूनच हात जोडले. पारोळ्याला धर्मशाळेत मुक्काम केला. पैसे लागत नाहीत, पण घोंगडी आपली न्या. थंडी हाडात शिरते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन सगळे खुशीत होतो. तेवढ्यात आमचा पुढचा गडी बळीराम गाडीतून उडी मारायला गेला आणि त्याचा घोटा मुरगळला.

पारोळ्यापुढे खडीचा रस्ता, अंग खिळखिळं झालं. धुळ्यात पांझरेकाठचं मैदान माणसांनी फुललं होतं आणि आम्ही दहाच! गोलकी मी होतो. मी नानाला म्हणालो, "नाना, गोलमध्ये तुम्ही उभे राहा, मी पुढे खेळतो."

"गोलमा नको," नाना म्हणाला. "हात गया. पाय दोन्ही शेतस ना? मी पुढे खेळसू."

मी त्याच्या सदऱ्याची रिकामी बाही वर दुमडून बांधली.

पहिल्याच धावेत त्याचा तोल गेला, खांद्यावर आपटला. लोक हसले. पुन्हा पडला, तेव्हा कमी हसले. आमच्यावर दोन गोल चढले. मग चेंडू नानाच्या पायात आला. धुळ्याचा गोलकी पुढे धावला, नाना क्षणभर थांबला आणि चेंडू त्याच्या पायांमधून अलगद सारला. गोल! अख्खं मैदान ओरडलं. आम्ही हरलो, पण मिरवणूक आमचीच निघाली. धुळेकरांनी आम्हाला गरम जिलेबी पोटभर खाऊ घातली.

परतीच्या वाटेवर नाना पहिल्यांदाच बसऱ्याबद्दल बोलला. तिथली वाळू, तिथला उन्हाळा, आणि इस्पितळातल्या शेजारच्या खाटेवरचा शीख जवान, जो त्याला रोज एका हाताने फेटा बांधायला शिकवायचा.

धुळं पुढे मी अनेकदा पाहिलं. रस्ते सुधारले, मोटारी आल्या. पण त्या प्रवासातलं मनात राहिलं ते धरणगावचं नानाच्या घराचं दार. माय उंबऱ्यातच उभी होती.

"हसनात का रे लोके?"

"हसनात. दोनदा पडनू."

"मंग?"

"मंग उठनू," नाना म्हणाला, आणि पाय धुवायला पाणी मागितलं.