तोंड दाखवून बोल

"शेठ, तोंड दाखवून बोल."

मी मान खाली घालून, मोबाईलवर बोट फिरवत काही सांगितलं की मावशी स्वतःच्या हनुवटीवर दोनदा बोट आपटायच्या आणि हे वाक्य म्हणायच्या. माझ्याच घरात, माझ्या बायकोसमोर. आमची मुलगी सांभाळायला त्यांना मीच ठेवलं होतं, हे त्यांच्या गावीही नसायचं.

मावशी मूळच्या पडघ्याकडच्या. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता आणि त्या त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या. त्या खडखडाटात आयुष्य गेलं आणि कानही गेले. कारखान्यातली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात, हे भिवंडीत राहणाऱ्याला सांगायला नको. तरी मला संशय होता. मी सुताचा दलाल, गाठी उचलण्यापासून वर आलेला. पगार ठरवताना मी कमी सांगितलं तेव्हा मावशींना ऐकू आलं नाही. वाढवून सांगितलं, तेव्हा लगेच "बरं" म्हणाल्या. असे बहिरे तुम्हीही पाहिले असतील.

मुलीला तिसरं वर्ष लागलं होतं आणि ती बोलत नव्हती. मोबाईल समोर धरला की तोंड उघडायची, घास आत जायचा, आम्ही खूश. डॉक्टरांनी तपासलं, कान ठणठणीत निघाले. म्हणाले, स्क्रीन बंद करा, तिच्याशी बोला. बायको रिक्षात रडत होती. मी डॉक्टरांशी भांडून आलो होतो, कारण औषध न देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

मावशींनी पहिल्याच दिवशी मुलीच्या हातातला मोबाईल काढून पिठाच्या डब्यात टाकला. "हिचं तोंडच दिसत न्हाय," म्हणाल्या. "मग हिला काय पायजे ते मला कसं कलायचं?"

मुलगी किंचाळली. तिने ताट उडवलं, जमिनीवर लोळली. त्या आवाजाला घाबरूनच तर आम्ही दोघं रोज मोबाईल देत आलो होतो. मावशींना तो आवाज जणू ऐकूच येत नव्हता. त्या शांतपणे भात कालवत बसल्या. मुलगी दमली, तिने वर बघितलं, आणि मावशींनी घास पुढे केला.

मी सौदा करून बघितला. निदान जेवताना देऊ, म्हटलं. जेवताना तर नाहीच, म्हणाल्या. झोपताना? त्यांनी मान हलवली. शेवटी सौदा ठरला तो असा: संध्याकाळी, आईने शेजारी बसून, दोन गाणी, मग बंद. इतकं मी आजवर बाजारात कुणाला सोडलेलं नाही. वर त्यांनी माझ्यापुढेही हात पसरला. ती जेवत असेल तेव्हा माझाही मोबाईल डब्यात. एकदा त्या डब्यात एका पार्टीचा फोन वाजून वाजून बंद झाला आणि सगळा माल दुसऱ्या दलालाने दिला. ते मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

मावशी ओठ मोठे करून बोलायच्या आणि मुलगी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. हळूहळू तिचेही ओठ हलायला लागले, आवाजाशिवाय. मला वाटलं, आता पोर आपल्याकडे वळवून ही बाई पगार वाढवून मागणार. एकदा मी मुद्दाम त्यांच्या पाठीमागे उभा राहून हळूच म्हणालो, "मावशी, उद्यापासून पगार वाढवला." त्या वळल्या नाहीत. पण पक्का माणूस अशा वेळी वळतच नाही.

मग तो शुक्रवार. कारखाने बंद, त्यामुळे गल्ली शांत. मावशी ओट्याकडे तोंड करून भाकरी थापत होत्या. मी दारात चपला काढत फोनवर भाव करत होतो. मुलगी जमिनीवर वाट्या मांडून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "शेठ."

बाबा नाही, पप्पा नाही. शेठ.

आणि पाठमोऱ्या मावशींचे हात थांबले. त्या वळल्या.

मी फोन खाली केला. मावशींना तोंड दाखवून विचारलं, "ऐकू आलं तुम्हाला?"

"काय?" म्हणाल्या, आणि पुन्हा भाकरीकडे वळल्या.

पुढे सुनेच्या बाळंतपणासाठी त्या गावी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. मी निरोप पाठवला, पगार वाढवतो म्हणून. उत्तर आलं, आता नातू सांभाळायचा हाय. त्या घरातही पिठाचा डबा असणारच.

मुलगी आता शाळेत जाते आणि न थांबता बोलते. मला अजून शेठच म्हणते, चारचौघांत. हे मावशींच्या खात्यावर. मी मोबाईलमध्ये बघत उत्तर दिलं की ती हनुवटीवर दोनदा बोट आपटते.

पण त्या बाईला ऐकू येत होतं की नाही, याचा छडा मला लावायचाच आहे. एखाद्या शुक्रवारी पडघ्याला जाईन आणि त्या पाठमोऱ्या असतील तेव्हा हाक मारून बघेन. मी नाही मारणार. मुलीला हाक मारायला सांगेन.