भोंगा वाजला की सुटलं

भोंगा वाजला की आक्का हातमोजे काढायच्या. क्रेट अर्धा भरलेला असो, सुपरवायझर समोर उभा असो. मोजे झटकून एवढंच म्हणायच्या, “सुटलं.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हट्टी म्हणून मोकळे होतो.

आक्कांचं माहेर वरकुट्याचं, सासर पिंपळीचं. बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत आम्ही दोघी श्रीखंडाचे डबे भरायचो. एक दिवस भोंगा बंद पडला. बिघडलाय, म्हणाले. त्यानंतर पाच कधी वाजले ते सुपरवायझर ठरवू लागला, आणि त्याचे पाच अंधार पडल्यावर वाजायचे.

भोंगा सुरू करा म्हणून बायांत वाटायला मी पत्रक लिहिलं. सुरुवातीलाच भोंगा शब्द कुठून आला, गिरणीचा भोंगा, देवळावरचा भोंगा, रडक्या पोराचा भोंगा, असं बरंच काही. जेवणाच्या सुट्टीत आक्कांना वाचून दाखवलं.

“भों करतो म्हणून भोंगा,” त्या भाकरी मोडत म्हणाल्या. “ह्यात लिवायचं काय? त्यो सायबाला इचारून वाजत न्हाय, एवढंच लिव.”

मी बाकीचं खोडलं.

त्याच दिवशी पाचला आक्का उलट्या क्रेटवर चढल्या. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. सांजेला कळप गोळा करायला ते जी हाळी देत, तीच त्यांनी दिली. तोंडाशी हात धरून, लांबलचक. बाया हसल्या. एकजण म्हणाली, “आक्का, आमी काय मेंढरं हाय व्हय?”

“मेंढरं सांच्याला घरी तरी जात्यात.”

हसू थांबलं. एकेकीने मोजे काढले.

हाळी रोज होऊ लागली. मग आम्हाला कामावर लावणाऱ्या ठेकेदाराने आक्कांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाचला आख्ख्या लायनीने हाळी दिली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आठवडा सरायच्या आत भोंगा दुरुस्त झाला. आक्कांना मात्र परत घेतलेलं नाही. आमच्या प्रत्येक पत्रकाची पहिली ओळ आता तीच मागणी असते, आणि ती मान्य होईपर्यंत तीच राहील.

परवा माझ्या सुट्टीच्या दिवशी पिंपळीला गेले. आक्का उसात खुरपत होत्या. स्वतःचं रान, वर कुणी साहेब नाही. वारा डेअरीकडून येत होता. लांबून भोंगा ऐकू आला. आक्का उठल्या, खुरपं झटकलं आणि बांधाकडे चालू लागल्या.

मागे सरी अर्धीच राहिली होती.