गंधकाच्या वासाचं तेल

स्वातंत्र्यानंतर पाच-सात वर्षांनी माझ्या थोरल्या भावानं एक जुना ट्रक घेतला. युद्धात वापरलेला, अमेरिकन बनावटीचा. आमचं गाव सोनगीरच्या पलीकडं, आग्रा रोडपासून थोडं आत. गावचा कापूस, सरकी भाऊ धुळ्याला आणायचा. मी धुळ्यातच एका गॅरेजात फिटर होतो.

वहिनीला त्या ट्रकचं फार कौतुक. पोळ्याला तिनं बैलांबरोबर ट्रकचीही पूजा केली, बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. शेजारणी हसल्या, तशी तीही हसली.

त्या हंगामात भाऊनं एकदा मागच्या आसाच्या गिअरपेटीचं बूच उघडलं. आत काळपट तेल, आणि वास गंधकाचा, नाक धरावं असा. "हाई तेल सडेल शे," असं वहिनीला सांगून त्यानं ते सगळं काढून टाकलं आणि इंजिनासाठी आणलेलं स्वच्छ, दाट तेल भरलं. गाडीची काळजी म्हणूनच. हे मला फार उशिरा कळलं.

काही फेऱ्यांनंतर मागून बारीक कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला होता. हंगाम उरकला की दाखवू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

वहिनीचे दिवस भरले होते. एके दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. सुईणीनं दुपारपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, मूल पायाळू आहे, धुळ्याच्या दवाखान्यात न्या. भाऊनं ट्रकमध्ये कापूस अंथरून वहिनीला निजवलं, सुईण शेजारी बसली. सोनगीर मागं पडलं आणि मागचा आवाज एकदम वाढला. खालून धूर निघाला, चाकं जागीच अडकली. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. भाऊ शेतांतून पळत जाऊन एकाची बैलगाडी घेऊन आला. मुलगी बैलगाडीतच जन्मली. वहिनीचा रक्तस्राव थांबला नाही. धुळ्याच्या नाक्यापाशी तिनं पाणी मागितलं, आणि ते तोंडाला लावेपर्यंत ती गेली.

तेरावं झाल्यावर ट्रक ओढून आमच्या गॅरेजात आणला. पेटी मीच उघडली. तेलात पोलादाचा चुरा होता. दातेरी चक्रांच्या दातांवर ओरखडे, काही ठिकाणी दात एकमेकांना चिकटून फाटलेले. बूच उघडतानाच मी वास घेतला होता. गंधकाचा वास नव्हता.

भाऊ कधी मागं येऊन उभा राहिला, कळलं नाही. दाढी वाढलेली. त्या दातांकडं पाहून त्यानं विचारलं, "मन्हामुळे व्हयनं का रे?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. जुनी गाडी, कधीतरी मोडणारच होती, एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. पण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी सांगितलं. या गाडीचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. ओझं एवढं असतं की साधं तेल मधून पिळून निघतं. मग पोलाद पोलादाला भिडतं, तापतं, चिकटतं, आणि फाटतं. म्हणून या पेटीच्या खास तेलात गंधक मिसळलेलं असतं. जिथं दात तापतो तिथंच ते पोलादाशी मिळून पातळ थर धरतं. तो थर झिजतो, पुन्हा धरतो. झिजायचं ते त्यानं, दातांनी नाही.

"म्हणजे तो वास..." भाऊ म्हणाला.

"त्या औषधाचाच, भाऊ."

तो खाली बसला. रडला नाही. म्हणाला, "कोणी सांगं नही."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. ज्यानं ट्रक विकला त्यानं नाही. आणि मला भाऊनं कधी विचारलंच नव्हतं, घरचा फिटर असूनही. त्याला वाटायचं, धाकट्याला कशाला त्रास.

मी नवी चक्रं बसवून देतो म्हणालो. भाऊ नको म्हणाला. ट्रक तसाच भंगारात गेला आणि तो शेतीत परतला. मुलगी आमच्याकडं वाढली. माझ्या बायकोनं तिला स्वतःच्या पोरांसारखं सांभाळलं. भाऊ दर बाजाराच्या दिवशी यायचा, तिच्यासाठी गुळाची रेवडी आणायचा, पण तिला मांडीवर घ्यायला घाबरायचा.

थोडी मोठी झाल्यावर तिनं त्याला विचारलं, आई कुठं वारली. मी शेजारीच होतो.

"रस्तामा," तो म्हणाला, आणि तिच्या वेणीतली सुटलेली रिबीन बांधू लागला. ती त्याला बांधता येईना.